बेचाळिसावा दिवस

"हलू नका म्हटलं ना! नाहीतर माझा हात आणि तुमचा पाय एकाच प्लास्टरमध्ये वाळतील."

टेबलावर आडवे पडलेले कवायतीचे मास्तर ओशाळून हसले. शाळेच्या पायऱ्यांवरून मुलांना नीट उतरायला शिकवता शिकवता स्वतःच घसरले होते आणि नडगी मोडून घेऊन आले होते.

"किती दिवस हो?"

"सहा आठवडे."

"पाचात नाही का व्हायचं?"

"व्हायचं की. मग जन्मभर लंगडत कवायत घ्या."

माझं बोलणं हे असं. तेवीस वर्षं मी या इस्पितळात प्लास्टर घालतोय. हाड डॉक्टर बसवतात, वरचं बांधकाम माझं, म्हणून झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला गवंडी म्हणतात. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की हलकेच पिळायची, कापसावरून गुंडाळत न्यायची आणि तळव्यानं सारखी करत राहायची. प्लास्टर टणक झालं की त्याच्यावर निळ्या पेन्सिलीनं काढायची तारीख लिहायची. हे मात्र कुठल्या पुस्तकात नाही, ही माझी पद्धत. तारीख डोळ्यांसमोर असली की माणूस कळ काढतो, असं माझं पक्कं मत होतं.

मास्तरांच्या पायावर तारीख लिहिली आणि मनात आलं, आमची तारीख यांच्या बरीच आधी येतेय. अजून चोवीस दिवस.

आमची म्हणजे माझ्या बायकोची. ती पोस्टात खिडकीवर बसायची. पार्सल नुसतं हातात तोलून वजन सांगायची आणि तराजू तिच्या शब्दाबाहेर जायचा नाही. रांगेत कोणी कुरकुरलं तर असं काही बोलायची की कुरकुरणाराच हसायचा. आमच्या घरात जास्त कोण बोलतं यावर मेहुणी पैजा लावायची.

मग ते कमी कमी होत गेलं. का, असं लोक विचारायचे, आणि सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. कोणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. आधी तिनं केस विंचरणं टाळलं, मग फोन उचलणं, मग खिडकी. एका सकाळी ती पलंगावरून एक पाय खाली सोडून बसली होती. दुपारी मी जेवायला घरी आलो तेव्हाही तशीच, एक पाय खाली. त्या दिवशी मी घाबरलो.

आमच्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात. मी तिला मागच्या जिन्यानं नेलं. गवंड्याची बायको तिकडे कशाला, असं कोणी विचारू नये म्हणून. आज हे सांगताना मान खाली जाते, पण नेलं मागच्याच जिन्यानं. डॉक्टरीणबाई तासभर तिच्याशी बोलल्या, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "गुण दिसायला लागायला चार ते सहा आठवडे जातील. धीर धरा."

ऐकलं मी नीट होतं. पण सहा आठवडे म्हटलं की माझ्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप ठरून जातं. घरी आलो, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बेचाळीस घरं मोजली आणि शेवटच्या घराला निळ्या पेन्सिलीनं गोल केला.

रोज संध्याकाळी दारातूनच विचारायचो, "काय, आज कालच्यापेक्षा बरं?"

"थोडं बरं," ती म्हणायची.

या सगळ्या 'थोडं बरं'ची बेरीज केली तर तिसऱ्या आठवड्यात ती ठणठणीत व्हायला हवी होती. पण गोल लांब होता अजून.

बेचाळिसाव्या दिवशी मी मेहुणीला बोलावलं, पोस्टातल्या तिच्या दोन मैत्रिणींना बोलावलं, बिस्किटं आणली. बायको सकाळी उठली होती, केस धुऊन बसली होती. मैत्रिणी आल्यावर ती बोलली, हसली. जिवंत कोंबडी पार्सल करायला आलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट तिनं अगदी पूर्वीसारखी, कोंबडीच्या आवाजासकट सांगितली. मी चहा गाळता गाळता मेहुणीला म्हणालो, "बघितलंस? दिवस चुकला नाही!"

मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईचे हात बघितलेत का? मघापासून मुठी आवळून बसलीये."

"तुला काहीतरी खुसपट काढायलाच हवं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बायको उठली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत यायचं. चौथ्या दिवशी माझा तोल गेला.

"अगं, त्या दिवशी चांगली हसत होतीस! सगळ्यांनी बघितलंय. मग आता हे काय?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "त्या दिवशी तुमची तारीख होती ना."

"कसली तारीख?"

"कॅलेंडरवरची. पहिल्या दिवसापासून दिसत होती मला." ती वळली. "मी खूप प्रयत्न केला हो. त्या दिवसापर्यंत बरं व्हायचंच होतं मला. नाही जमलं. रागावू नका."

मला आजवर लोकांनी काय काय ऐकवलं आहे. प्लास्टर घट्ट झालं म्हणून आयमाय उद्धरलेली आहे. पण असं काळजात घुसलेलं काही नाही, आणि ती तर माझी माफी मागत होती. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो. ती माझ्याकडे बघत राहिली. समजूत घालण्याएवढं बळ तिच्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुढच्या जिन्यानं घेऊन गेलो. ओळखीचे चार जण भेटले, चौघांनाही तिसरा मजला सांगितला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिच्याशी एकटीशी बोलल्या, गोळी बदलली. मग मला आत बोलावलं.

"सहा आठवड्यांत काय होईल असं वाटलं होतं तुम्हाला?"

"सुटेल."

"आणि तुमच्याकडे प्लास्टर सुटलं की माणूस धावतो?"

"छे हो! पाय काडी झालेला असतो. टेकवतसुद्धा नाही. महिना-दीड महिना..."

बोलता बोलता मीच थांबलो. बाईंनी पुढच्या भेटीची चिठ्ठी लिहून दिली.

मी म्हणालो, "आमच्याकडे एक्स-रे तरी असतो. आत जुळतंय की नाही ते दिसतं. इथे मी बघायचं काय?"

"काही दिवस काहीच बघू नका," त्या म्हणाल्या. "घरात असा फक्त. आणि रोज विचारू नका. विचारलं की तिला उत्तर द्यावं लागतं."

हे औषध मला होतं आणि फार कडू होतं. मी न बोलता बसू शकत नाही; न्हाव्याकडेसुद्धा न्हाव्याला बोलू देत नाही. घरी आलो, कॅलेंडर काढून माळ्यावर टाकलं आणि गप्प राहायला शिकायला लागलो. "कसं वाटतंय" जिभेच्या टोकावर आलं की उठून पाणी प्यायचो. पहिल्या आठवड्यात इतकं पाणी प्यालो की मीच आजारी आहे की काय असं शेजाऱ्यांना वाटलं असेल. संध्याकाळी तिच्या खोलीत जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचो. वाकड्यातिकड्या. ती भिंतीकडे, मी कपड्यांकडे.

मध्ये मास्तरांचं प्लास्टर कापलं. त्यांनी आपला बारीक, पांढरा, कोंडा सुटलेला पाय बघितला आणि एकदम म्हणाले, "हा माझा नाही." मी त्यांना कोपराला धरून उतरवलं, एक पाऊल टाकू दिलं आणि परत बसवलं. थट्टा नाही केली. त्यांनाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असावं, कारण जाताना म्हणाले, "आज तुम्हाला बरं नाही का?"

किती दिवस गेले ते मी सांगणार नाही. मोजले नाहीत, आणि मोजले असतील तरी सांगणार नाही. उन्हाळा गेला, खिडक्या लावून घ्यायचे दिवस आले. एका संध्याकाळी ती उठून बसली, मी घातलेली टॉवेलची घडी मोडली आणि नीट घालून परत ठेवली. तेवढंच. मी मान वर केली नाही. मेहुणीलाही कळवलं नाही, नाहीतर त्याचीसुद्धा तारीख झाली असती. पुढचे दोन आठवडे पुन्हा ताटं परत आली. मग एकदा ती फाटकापर्यंत चालली. मग कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा नुसती दारापर्यंत. कधी वाटायचं, हे असंच राहणार, आता आपलं घर म्हणजे हेच. तेव्हा मी गच्चीवर जाऊन टाकीला दोन-चार शिव्या देऊन यायचो.

आणि एके सकाळी मी दाढी करत असताना तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, आपलं कॅलेंडर कुठाय?"

"कशाला?"

"पोस्टमास्तरांना कळवायचंय. अर्धा दिवस मागच्या खोलीत टपाल लावायला येते म्हणून. कुठल्या तारखेपासून ते बघते."

या वेळी तारीख ती बघणार होती. मी गालाला साबण तसाच ठेवून माळ्यावर चढलो.

मागच्या खोलीत ती बरेच दिवस होती. मग खिडकीवर बसायचं ठरलं, तेव्हा तिनं मला बजावलं, "पहिल्या दिवशी तिथे यायचं नाही."

"मी कशाला येतोय?" मी म्हणालो.

गेलोच. दुपारच्या सुट्टीत एक रिकामं पाकीट खिशात घालून गेलो. माझ्यापुढे अकरा माणसं होती. खिडकीत ती बसली होती, चष्मा लावून, केस मागे बांधून. थोडी वाळली होती. पार्सल हातात तोलून बघत नव्हती. तराजूवर ठेवत होती, आकडा वाचत होती, पार्सल उचलून परत ठेवत होती, पुन्हा वाचत होती. एका पावतीवर काहीतरी चुकलं, ती तिनं बाजूला ठेवली आणि दुसरी लिहायला घेतली. कोणाला काही गमतीचं बोलली नाही. रांग गोगलगायीसारखी सरकत होती.

दारावरच्या पहारेकऱ्यानं मला ओळखलं. "अहो, तुम्ही असे मागे काय उभे? घरचे तुम्ही, पुढे जा की."

"नाही, इथेच बरा आहे."

माझ्यापुढचा माणूस चुळबुळत होता. मागे वळून मला म्हणाला, "काय हो हे? एकेकाला इतका वेळ! नवीन बाई बसवलीये वाटतं."

"हो," मी म्हणालो, "नवीन आहेत. जरा वेळ लागेल."

ते तिला ऐकू गेलं असावं. तिनं मान वर केली, चष्म्यावरून रांगेत शोधलं आणि मी तिला सापडलो. रागावली नाही, हसलीही नाही. तळहात उचलून मला थांबा अशी खूण केली आणि पुढच्या बाईचं पार्सल तराजूवर घेतलं.

माझी सुट्टी संपत आली होती. मी रांगेत उभा राहिलो.