ट्रॅक्टरचा आवाज

लालबागच्या चाळीमागच्या शेडमध्ये मंडळाचा जुना ट्रॅक्टर असायचा. वर्षातून एकदाच, विसर्जनाला, तो गणपतीची गाडी ओढायचा. पण पंधरा दिवसांनी एकदा चालू केला नाही तर इंजिन जाम होतं, म्हणून कुशाबाने तीस वर्षं तो नियम पाळला. गुडघे गेले तेव्हा त्याने किल्ली पुतण्याला, धनेशला दिली.

धनेश हरामखोर निघाला. त्याने दोनदाच ट्रॅक्टर चालू केला, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला आणि पुढे शेडमध्ये स्पीकरवर तोच वाजवून सिगारेट फुंकत बसायला लागला.

या रविवारीही तसंच करून तो वर काकाच्या खोलीत गेला. काकी दोरीवरचे कपडे काढत होती.

"आवाज झकास येतो रे," कुशाबा खाटेवरून म्हणाला. "पण धूर कुठाय? आधी कपडे काळे झाले म्हणून तुझी काकी माझ्या नावाने शंख करायची."

धनेशची मान खाली गेली. "कधीपासून माहीत होतं, काका?"

"होळीपासून. तुला कधी लाज वाटते, ते बघत होतो."

धनेश खाली धावला. त्याने ताडपत्री ओढली, किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन जाम झालं होतं. वर खिडकीत म्हातारा कान देऊन बसला असणार, आणि खिशातल्या मोबाईलला हात लावायची आता धनेशची हिंमत नव्हती.