पुठ्ठ्याचं पॅकिंग

गफ्फारभाईंनी इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या सांध्यावर स्प्रेची पिचकारी मारली आणि डुगडुगत चाललेलं इंजिन क्षणभर सरळ झालं. पुन्हा मारली, पुन्हा सरळ झालं. म्हणजे हवा तिथूनच आत शिरत होती. दोष हाती लागला की मेकॅनिकला बरं वाटतं, पण गफ्फारभाईंनी स्प्रेचा डबा खाली ठेवला. तो सांधा त्यांनीच जोडलेला होता.

"सापडलं का, चाचा?" प्रवीणनं विचारलं.

"पाहून राह्यलो. बंद कर."

जुनी जीप ती. प्रवीणच्या हौसेपायी दिवाळीत गफ्फारभाईंनी तिच्यात एका अपघातातल्या कारचं पेट्रोल इंजिन बसवलं होतं, एसीसकट, आणि वर थ्रॉटल बॉडी एक माप मोठी. सगळ्या आरमोरीनं प्रवीणला येड्यात काढलं. गाडी पळायची झकास, पण स्लोवर, पाय काढला की, चालू राहायची नाही. चैत्रात प्रवीणच्या आईच्या, भागीरथाबाईंच्या, छातीत दुखायला लागलं. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेताना वाटेत लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली. प्रवीणनं ब्रेक दाबला, अॅक्सिलेटरवरचा पाय काढला आणि इंजिन बंद पडलं. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. दुसरी गाडी मिळून पोचेपर्यंत डॉक्टरांना नाव आणि वय विचारण्यापलीकडे काही काम उरलं नव्हतं.

"मले एकच सांगा चाचा," प्रवीण बॉनेटला टेकून म्हणाला. "पाय ठेवला असता, तर बंद नसती पडली ना?"

गफ्फारभाई बोल्ट खोलत राहिले.

"बाबूजी बोलत नाई माह्यासंगं. त्या दिवसापासून एक शब्द नाई."

बाबूजी, म्हणजे प्रवीणचे वडील दादाजी, बाहेर कडुनिंबाखाली जुन्या टायरवर बसले होते. ते आणि गफ्फारभाई एका बाकावर बसून शिकलेले. ईदचा शिरखुर्मा चाळीस वर्षं पहिला त्यांच्याच घरी जायचा.

चारही बोल्ट निघाले. हवा अडवणारं मधलं पॅकिंग एका बाजूनं करपून आत ओढलं गेलं होतं. बसवताना नागपूरहून बरोबर मापाचं आलं नव्हतं, म्हणून गफ्फारभाईंनी मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा कापून काम भागवलं होतं. आठ दिवस चालव, मग बदलून देतो, असं सांगितलंही होतं. खरं पॅकिंग आठवड्यानं आलं आणि दुकानातल्या खिळ्याला प्लॅस्टिकसकट लटकत राहिलं. प्रवीण विसरला, तेही विसरले. वर, पाय न देताही इंजिनाची रेस चढते, अशी तक्रार आल्यावर कारण न शोधता त्यांनी स्क्रू फिरवून ती खाली आणून दिली होती.

त्यांनी पुठ्ठा मुठीत दाबला. कार्बन साचला होता, एवढं म्हटलं की मिटलं असतं. आरमोरीत दुसरं कोण ते इंजिन उघडून पाहणार होतं? हात धुवायच्या निमित्तानं ते बाहेर ड्रमपाशी गेले.

दादाजी उठून जवळ आले. आधी त्यांनी मुलगा कुठं आहे ते पाहिलं.

"गफ्फार, चालू गाडीत एसीचं बटन दाबलं, तर गाडी बंद पडते का?"

"काऊन?"

"त्या दिवशी परवीनची माय घामानं भिजून गेली होती. मले वाटलं, उकडून राह्यलं तिले. परवीन समोरचे ट्रक पाहून राह्यला होता. मीच दाबलं बटन. अन् पडली बंद." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्याले मालूम नाई."

गफ्फारभाईंच्या ध्यानात आलं. दीड महिना हा माणूस पोराच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हता आणि पोराला वाटत होतं, बाप रागावला आहे.

बंद पडते, हे त्यांना ठाऊक होतं. स्लो मरतुकडा असला की एसीचा भार झेपत नाही. त्यांनी मूठ उघडली.

"एसीनं नाई पडत. हे पाह्य. हे पॅकिंग मी बसवलं, पुठ्ठ्याचं. बदलाचं होतं, बदललं नाई. स्लोही मीच खाली आणला. तुह्या बटनानं नाई, त्याच्या पायानं नाई. माह्या हातानं बंद पडली, दादाजी."

प्रवीण दाराशी येऊन उभा होता. शेवटचं त्यानं ऐकलं होतं.

दादाजींनी पुठ्ठा उलटून पाहिला. कोपऱ्यात मिठाईच्या दुकानाची लाल अक्षरं अजून दिसत होती. गफ्फारभाई शिवीची वाट पाहत राहिले, निदान एखादी तरी.

"बसवून द्या," प्रवीण म्हणाला.

खिळ्यावरचं पॅकिंग काढून बसवायला वीस मिनिटं लागली. स्लो जागेवर आणला, एसी लावून पाहिला. इंजिन जरासुद्धा डगमगलं नाही. ते इतकं नीट चाललेलं पाहून गफ्फारभाईंना लाज वाटली. पैशाचं प्रवीणनं विचारलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बापलेक पुढं बसले. दादाजी काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणलं, बाबूजी?" प्रवीणनं वळून विचारलं.

"म्हणलं, आता इथी नाई आणाची गाडी."

"नाई आणत, बाबूजी."

गाडीचा आवाज इतका शांत होता की पाना हातात घेऊन उभ्या असलेल्या गफ्फारभाईंना शब्द न शब्द ऐकू आला. दीड महिन्यात बापलेकांचं ते पहिलं बोलणं होतं.