मनकर्णाबाईंची मशीन

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या त्या शाळेत तपासणीचे साहेब आले तेच मुळी तोंड वाकडं करून. मनकर्णा खोब्रागडेबाई नागपुरात कॉम्प्युटरचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या आणि तेव्हापासून गणिताच्या एका तासाला पाढे सोडून भलतंच काही शिकवत होत्या. आज साहेबांना पटलं तर तो तास राहणार, नाही तर जाणार.

खरं तर प्रशिक्षणात बाईंना कॉम्प्युटरला हातही लावू दिला नव्हता. देवळातल्या मूर्तीसारखा लांबूनच दाखवला, आणि बाई तर देवळाची पायरी कधीच सोडलेल्या घरातल्या! पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली. मशीनला अक्कल नसते. कामाचे तुकडे करून, असं असेल तर हे कर, नसेल तर थांब, असं तिला सांगावं लागतं. पोरांना असा विचार जमला तर त्यांचं कुठंच अडणार नाही, असं बाईंना मनापासून वाटे. मशीन नव्हती, म्हणून त्या स्वतःच मशीन व्हायच्या.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. बाईंना हुकूम द्यायला एकही पोर धजेना. "मी मशीन हावो, मले पानी कसं प्याचं ते सांगा," म्हटलं की लोटा उचल, तोंडाला लाव, असं सांगायचं सोडून पोरं धावत जाऊन पाणीच आणून देत. बाई रागावल्या की आणखी पाणी येई. बाईंचं डोकं पार उठलं होतं.

आज त्यांनी कैरी आणली. कैरी पाहून तरी तोंडं उघडतील!

"सांगा, मशीननं हे कैरी कशी खायाची?"

पोरांनी माना खाली घातल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडमास्तर गुणवंतराव खिडकीबाहेर पाहू लागले.

"अरे, बोला ना! काऊन गप बसले?" संतापाच्या भरात बाईंनी कैरी तोंडाकडे नेली.

"थांबा!" सुकरी उठून ओरडली. ही पोर वर्गात कधी ब्र काढत नसे. "खाऊ नोका, बाई! पंडुम झाला नाई अजून. पंडुम झाला तं खा, नाई झाला तं थांबा."

पंडुम म्हणजे देवाला नवं फळ वाहायचा सण. तो झाल्याशिवाय गावात कुणी कैरी तोंडात घालत नसे. बाईंना हे ठाऊक होतं, पण त्यांच्या बापाने घरातले देव वैनगंगेत सोडले तेव्हापासून असल्या गोष्टी त्यांनी गणतीतच धरल्या नव्हत्या. आता मात्र हात हवेतच थांबला. झाला तर, नाही झाला तर. इतके दिवस घसा फोडून जे निघालं नाही, ते आज सुकरीच्या तोंडून निघालं होतं.

साहेब खदखदून हसले. "खा हो बाई! मशीनला कसला आलाय देव?"

एक चावा घेतला की साहेब खूश आणि तास वाचला, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी कैरी टेबलावर ठेवली.

"सूचना मिळाली, साहेब. मशीन थांबली."

"बौद्ध ना तुम्ही? आणि अंधश्रद्धा जोपासता?" साहेब उठले. "गुणवंतराव, उद्यापासून या तासाला पाढे घ्या."

गुणवंतरावांनी मान डोलावली. ती कैरी भिंतीवर आपटावी असं बाईंना वाटलं. वर्ग हाती लागला, त्याच दिवशी तास हातचा गेला. याहून मोठी थट्टा कोणती!

सुकरी रडवेली होऊन अजून उभीच होती. "माह्यं चुकलं का, बाई?"

साहेब दारातून बाहेर पडत होते. त्यांना ऐकू जावं म्हणून बाई मोठ्यानं म्हणाल्या, "नाई, सुकरी. आज इथी एक तुह्यंच बरोबर होतं."