गिला वडा, कोरडा सदरा

मित्रांनो, मी एक जुना द्रोण आहो. जुना म्हणजे सकाळचा. आमच्यात दुपार झाली की म्हाताराच म्हनतात.

माझा जन्म अमरावतीचा, चंदाबाईच्या गिल्या वड्याच्या गाडीवर. पळसाचं पान माझी माय. गिला वडा म्हणजे दह्यात मस्त डुंबलेला वडा. मागच्या पावसात गाडीपुढची नाली तुंबली. उपसून पाहाते तं निघाल्या तिच्याच पार्सलच्या प्लास्टिकच्या पन्न्या! तवापासून चंदाबाईनं पन्नी बंद केली. पण आमचं खानदान गळकं. बुडातूनच काडी टोचलेली, मंग दही कसं थांबन? गिऱ्हाइकं शेजारच्या पन्नीवाल्याकडं सरकू लागली. तिनं दही घट्ट केलं, तं लोक म्हने हा गिला वडा हाय का वाळवण? म्हणजे वडा बदलायचा नाही. बदलायचं आमालेच.

डोकं चाललं तिच्या जावेचं, रुख्मिणीचं. माहेर तिचं नांदगाव खंडेश्वरचं. तिकडं पावसात वावरातलं तण निंदाले जाताना बाया पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात ढकलतात अन् डोक्यावर खोळ घेतात. टाका नाही, भोक नाही. रुख्मिणीनं पानावर पान ठेवलं, तसंच दुमडलं अन् उलटं धरलं.

"जे बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, थे आतलं दही बाहेर काहून जाऊ देईन?"

काडी फक्त वर, काठाले. झाकणाले अजून एक पान, वरून सुतळी. झालो मी तयार!

अन् पहिलंच गिऱ्हाईक केशवराव. पुतण्यासाठी पोरगी पाहाले बडनेऱ्याले निघालेले, अंगात पांढराफेक सदरा. तिथल्या बहिणीसाठी पार्सल पायजे होतं.

"सदऱ्यावर डाग पडला तं उद्यापासून पन्नी, चंदाबाई."

"पडला तं पन्नी," चंदाबाई बोलून गेली. मंग तिचा हात माझ्यावरून निघेच ना.

ऑटो सुटला, मी केशवरावाच्या मांडीवर. काय ते खड्डे, काय ते उसळणं! पोटात दही नाचून राहिलं होतं. मले तं मजाच येत होती. एका खड्ड्यात मी बुडाचा गारवा त्यायच्या मांडीले असा लावला की थे ताडकन उठले. डोकं टपाले आपटलं. बाजूची बाई फिदीफिदी हासली. त्यायनं सदरा चाचपला, धोतर चाचपलं. कोरडं!

बहिणीच्या अंगणात उतरल्या उतरल्या त्यायनं फोन लावला.

"चंदाबाई, डोक्याले टेंगूळ आलं, पण डाग नाही. पन्नी गेली तुही."

तिकडून रुख्मिणीचं हासू ऐकू आलं. मंग चंदाबाईनं नाक ओढल्याचा आवाज आला.

मित्रांनो, वडा कवाच संपला. मी अंगणात पडलो आहो, अन् बहिणीची बकरी माझ्याकडं पाहून राहिली. मले दुःख नाही. एका दिवसात काम करून संपता येते, हेच तं आमचं भाग्य. पन्नी बिचारी संपतच नाही. फक्त एक करा. मले नालीत फेकू नका, बकरीपुढं टाका, अन् टाकायच्या आधी काठाची काडी काढून घ्या. तिच्या घशात टोचन ना.

आलीच थे. काढा लवकर!