दगडाची मागची बाजू

"समुद्र बगितला. चला," हैबती म्हणाला आणि माघारी वळला.

हरिहरेश्वरच्या खडकांवर येऊन त्यांना दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. जावई अरविंद पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. मुलगी सारिका मोबाइल वर धरून लाट यायची वाट बघत होती.

"आबा, समुद्र असा बघून संपत नाही," अरविंद म्हणाला.

"संपत नाय तर मग थांबून काय उपेग?"

सारिकाने मोबाइल खाली केला. "कालपासून हेच चाललंय. जेवायला बसले की उठायची घाई, गाडीत बसले की उतरायची घाई. आबा, आम्ही तुमच्यासाठी आलोय ना?"

 हैबती गाडीच्या दिशेने चालू लागला होता. गाडीच्या डिकीत त्याची कापडी पिशवी होती, आणि उद्या दुपारपर्यंत ती घाटातल्या वळणावर पोचायला हवी होती. बाकी समुद्र काय, कुठे पळून जाणार नव्हता.

बायकोला, तुळसाला, जाऊन दहा महिने झाले होते. तेव्हापासून हैबतीचं असंच झालं होतं. पहाटे चारला जाग यायची. चहा करायचा, अर्धा प्यायचा, निघायचं. घरामागून एक पायवाट घाटरस्त्याला जाते. वाटेत ओढा लागतो. ओढ्यापर्यंत जायचं, दगडावर पाय ठेवायचा आणि परत फिरायचं. घरी येऊन पुन्हा तेच. वाडीतली माणसं म्हणायची, हैबतीला भिंगरी लागली. पण दहा महिन्यांत तो ओढा ओलांडून गेला नव्हता. ओढ्यापलीकडे चढण, आणि चढण संपली की तुळसाचा दगड.

हैबती एकतीस वर्षं पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर मैलकुली होता. मैलकुली म्हणजे रस्त्याचा गडी. सहा किलोमीटर त्याच्या ताब्यात होते. गटारं काढायची, दरडीचे दगड बाजूला करायचे, खड्ड्यांत खडी भरायची, कठड्याला चुना लावायचा. दुपारी तुळसा भाकरी घेऊन पायवाटेने वर यायची. एका वळणावर दरीच्या अंगाला मोठा काळा दगड होता, त्यावर बसायची. तो जेवायचा, ती गाड्या बघायची.

"अवो, येवड्या गाड्या वर जातात. तिथं बगतात तरी काय?"

"काय नाय. धुकं नि माकडं."

तो खोटं बोलत नव्हता. डांबराचे ड्रम आणायला खात्याच्या ट्रकमधून तो एकदाच महाबळेश्वरला गेला होता, आणि तोही श्रावणात. धुकं आणि माकडं याशिवाय काही दिसलंच नव्हतं.

"एकदा न्या की मला."

"नेतो. पुढच्या थंडीत."

अशा एकतीस थंड्या गेल्या. निवृत्तीनंतर आणखी चार. रस्ता दारात होता, कुठे जात नव्हता, म्हणून राहिलं. माघात तुळसाच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा जीपमध्ये आडवी घालून तिला महाडला नेलं. लहान गाडीत ती बसली ती तेवढीच. बसली तरी कुठे, निजली. तिला दिसलं ते जीपचं छप्पर.

एकदा दाट धुक्यात एक ट्रक त्या दगडाला हातभर अंतरावरून घासून गेला होता. तुळसा दगडावर होती. दुसऱ्याच दिवशी हैबतीने उरलेल्या चुन्यातून तो दगड रंगवला. मुकादमाने विचारलं, तर म्हणाला, "गाडीवाल्यांना वळण कळावं म्हणून." मुकादमाला ते पटलं. तेव्हापासून दर दिवाळीला दगडाला चुना. पुढे सरकारी चुना बंद झाला तरी घरचा. तुळसा दरवर्षी दगडाभोवती डोकावून बघायची आणि हसायची.

"हां, झालं सरकारी काम! पुढनं पांढरा नि मागनं काळाच."

"मागं दरी हाय. तिकडनं कोण बगनार हाय?"

"रंगवायचा तर सगळा रंगवावा मानसानं."

यंदाची दिवाळी तशीच गेली. आणि दिवाळी सरताच शेजारच्या सहदेवने सांगितलं की वरच्या वळणावर रस्ता रुंद करायचं काम काढलंय, जेसीबीने दगड दरीत लोटतायत. त्या रात्रीपासून हैबतीचा डोळा लागला नव्हता. तरी ओढा ओलांडवेना. मग सारिकाचा फोन आला, नाताळच्या सुट्टीत तुम्हाला फिरवून आणतो, समुद्र आणि महाबळेश्वर. तो लगेच हो म्हणाला. सारिकाला आश्चर्य वाटलं. आपल्या पायांनी जमत नाही तिथे गाडी नेईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते महाडच्या रस्त्याला लागले. अरविंद बदलापूरच्या शाळेत भूगोल शिकवायचा. वाटेत सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाशी त्याने गाडी थांबवलीच.

"पाय तरी बुडवा आबा. खालून गरम पाणी येतं. आणि हे सगळे डोंगर आहेत ना, हे लाव्हाचे. जमिनीतून तापलेला रस आला, पसरला, निवला. त्यावर दुसरा आला. साडेसहा कोटी वर्षं झाली."

हैबतीने एक पाय बुडवला आणि काढला. "निवायला किती दिवस लागले?"

"एकेका थराला वर्षानुवर्षं."

"हां. तसंच आसतं ते," हैबती म्हणाला आणि ओल्या पायात चप्पल घातली. "चला."

पोलादपूर मागे पडलं, घाट सुरू झाला, तसा तो खिडकीला चिकटला. अरविंद कापलेल्या डोंगराकडे बोट दाखवून थर मोजत होता.

"दोन काळ्या थरांच्या मधे ती तांबडी रेघ दिसते?"

"तिला काय बगायचं? तिच्यातनंच पानी झिरपतं. तांबडा पट्टा दिसला की समजायचं, हितं दरड येनार. आन् मास्तर, गाडी जरा आतल्या अंगानं घ्या."

अरविंदने गाडी आत घेतली. "हे आमच्या पुस्तकात नाही हो."

"पुस्तकवाल्यानं पहार धरलीय कुठं?"

सारिका हसली. कालपासून पहिल्यांदा. पण हैबतीचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याची हद्द लागली होती. प्रत्येक गटार बुजलेलं दिसत होतं. रस्त्याखालच्या एका मोरीच्या तोंडाशी प्लास्टिकचा ढीग. त्याचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली होता.

"मास्तर, फुडच्या वळनावर थांबवा."

"तिथे जागा नाही आबा. मागे रांग आहे बघा."

"थांबवा."

"आबा, बुकिंग आहे आपलं. येताना थांबू," सारिका म्हणाली.

"येताना अंधार व्हतो. सारिका, त्यांना सांग, गाडी थांबवायला सांग." त्याने दाराच्या कडीला हात घातला होता.

अरविंदने इंडिकेटर लावला आणि गाडी कडेला घेतली.

वळण ओळखू येत नव्हतं. डोंगर आत कापला होता, रस्ता दुप्पट झाला होता आणि दरीच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांचा नवा कठडा होता. जिथे दगड असायचा तिथे डांबर होतं. हैबती त्या डांबरावर उभा राहिला. त्याने एकदा पायाखाली बघितलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग कठड्याशी जाऊन खाली वाकला.

दगड होता. दोन हात खाली, दरीच्या उतारावर, एका अंगावर कललेला. लोटताना अडकून राहिला असावा. अंगावर शेवाळ चढून काळा झाला होता. पावसाळा खाल्लेल्या गेल्या दिवाळीच्या चुन्याचे दोन-चार ठिपके तेवढे उरले होते.

हैबती डिकीकडे गेला. त्याने पिशवीतून चुन्याची पुडी काढली, डिंकाची पुरचुंडी काढली, पत्र्याचा डबा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुंचा काढला.

"पिशवीत हे आहे?" सारिका बघतच राहिली. "मला वाटलं आईचं काहीतरी..."

"पानी दे गो."

तिने विकतच्या पाण्याची बाटली दिली. त्याने चुना कालवला, डिंक घातला, कुंच्याने ढवळला आणि डबा हातात घेऊन कठड्यापलीकडे पाय टाकला.

"आबा! दरी आहे!"

"ही दरी मी तुज्या जन्माच्या आदीपासून वळखतो."

मागे गाड्यांचे भोंगे सुरू झाले होते. एका जीपमधून एक जण डोकं काढून ओरडला, "ओ काका, हे काय चाललंय?"

"सरकारी काम हाय!" हैबतीने खालूनच आवाज दिला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

अरविंद आधी रस्त्याच्या मधे उभा राहून गाड्यांना हात करत होता. मग ते काम त्याने सारिकाला दिलं आणि स्वतः कठड्यापलीकडे उतरला. वरची बाजू झाली होती. हैबती आता दगडाला वळसा घालून मागे जायला बघत होता. तिथे उभं राहायला वीतभर जागा होती आणि तिच्याखाली काही नव्हतं.

"तिकडे कशाला? मागची बाजू कोण बघणार?"

"रंगवायचा तर सगळा रंगवावा मानसानं."

सारिकाने ते ऐकलं. तिचा गाड्यांना दाखवलेला हात तसाच वर राहिला. लहानपणी सुट्टीत ती आईबरोबर इथे यायची. हे वाक्य तिला पाठ होतं, आईच्या आवाजात.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "त्यांना धरा. माझी ओढणी घ्या, कमरेला बांधा. घट्ट."

अरविंदने ओढणी सासऱ्याच्या कमरेला बांधली, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि पाय रोवून बसला. हैबती दगडामागे गेला. त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. कुंच्याचा आवाज येत होता, खरखर, खरखर. मधेच एक खडा सुटून खाली गेला आणि तो कुठे पडला ते कोणालाच ऐकू आलं नाही. अरविंदच्या कपाळावर घाम आला. हैबती मात्र सावकाश काम करत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला कशाची घाई नव्हती.

त्याला ओढून वर घेतलं, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत चुन्याने भरले होते. सारिका कठड्यावरून वाकून बघत होती.

"आबा, काहीच पांढरं दिसत नाहीये. नुसता ओला दिसतोय."

"चुना वाळला की दिसतो. तोवर तसाच आसतो."

गाडी निघाली.  त्याची हद्द संपली तो दगडी खांब मागे गेला. हैबतीने वळून बघितलं नाही. अरविंदनेही थर मोजले नाहीत.

महाबळेश्वरला पॉइंटवर पोचायला तीन वाजले. धुकं नव्हतं. माकडं होती. कड्याच्या कठड्याशी माणसांची रेटारेटी चालली होती आणि सगळी दरीत बघत होती. एक दुर्बीणवाला तिवईवर दुर्बीण लावून पाठ म्हटल्यासारखा बोलत होता, "तो समोर प्रतापगड बघा, खाली जावळीचं रान बघा, उजवीकडे कोकण बघा, कोकणातून येणारा रस्ता बघा..."

हैबती रांगेत उभा राहिला. पाळी आली तसा त्याने एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला. आधी नुसती झाडी दिसली. मग काळ्या कड्याच्या पोटाला एक करडी रेघ. रेघेवर मुंगीएवढी गाडी. रेघ वळली. वळणावर उन्हात चकाकणारी लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या खाली...

त्याने डोळा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

काळ्याभोर उतारावर एक पांढरा ठिपका होता. सगळ्या डोंगरात तेवढाच एक. वळण रस्त्याच्या अंगाने नव्हे, दरीच्या अंगाने दिसत होतं. ही दगडाची मागची बाजू होती.

एकतीस वर्षं ती तिथे बसून विचारत होती, वर जाऊन बघतात तरी काय.

"आजोबा, झालं. पुढच्यांना येऊ द्या," दुर्बीणवाला म्हणाला.

हैबती बाजूला झाला. त्याच्यामागे एक बाई होती, तिने डोळा लावला. "अहो भाऊ, तिकडे खाली ते पांढरं काय आहे? रस्त्याच्या खाली?"

दुर्बीणवाल्याने वाकून बघितलं. ठिपका त्याच्या पाठात नव्हता. तो क्षणभर अडला. "ते... देऊळ असेल ताई. जुनं देऊळ आहे."

"देऊळ नाय," हैबती म्हणाला. "बसायची जागा हाय."

"कोणाची?"

"आमच्या मंडळीची."

दुर्बीणवाल्याने त्याच्या चुन्याने भरलेल्या हातांकडे बघितलं. सारिका बापाच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला आबा. रूमवर जाऊन जरा पडा. दमला असाल."

"तुमी व्हा फुडं. मी हितंच हाय," हैबती म्हणाला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

रांग मोठी होती. पुढे दुर्बीणवाल्याचा पाठ पुन्हा सुरू झाला होता. समोर प्रतापगड बघा, खाली जावळीचं रान बघा, कोकणातून येणारा रस्ता बघा, आणि रस्त्याच्या खाली ते पांढरं बघा, ती बसायची जागा.