कुंपणापलीकडचा पाचोळा

एलिन्सियाची कॉफी काही वाईट नव्हती. पण कुंपणापलीकडे धाकट्या जावेची, म्कुंडेची कॉफी जास्त हिरवी होती, आणि एलिन्सियाला जळायला तेवढं पुरे होतं. किलिमांजारोचा उतार तोच, पाटाचं पाणी तेच, केळीची सावलीही तीच. वर सासू म्हणायची, "धाकटीच्या हाताला गुण आहे हो!" त्या दिवशी एलिन्सियाला घास गोड लागत नसे.

एकदा तिने पाहिलं, म्कुंडे झाडाखालची पानं वेचून कुंपणाशी ढीग घालत होती.

"काय गं एवढं जपून वेचतेस?"

"काही नाही, जाऊबाई. कचरा."

कचरा कोणी इतक्या निगुतीने वेचतं? हेच हिचं खत, आणि लपवते माझ्यापासून! रविवारी डोकेदुखीचं निमित्त करून एलिन्सिया घरीच राहिली. सगळे चर्चला गेल्यावर तिने टोपल्या भरभरून तो ढीग आणला आणि आपल्या कॉफीच्या बुडाशी पसरला.

पुढे काही दिवसांनी संध्याकाळी तिच्या झाडांभोवती तांदळाच्या कणीएवढे पांढरे पतंग उडू लागले. मग पानांवर तपकिरी डाग पडले. तिने एक पान मोडलं, तर वरचा पापुद्रा सुटला आणि आत अळ्या वळवळताना दिसल्या. केळीला, रताळ्याला त्यांनी तोंड लावलं नाही. कॉफी तेवढी पोखरली. विचारणार कोणाला? चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. पानं गळू लागली तशी ती म्कुंडेलाच शिव्या देत बसली.

एका सकाळी म्कुंडे सासूला घेऊन दारात आली. हातात गाठ मारलेलं इसालेचं पान होतं. ते घेऊन आलेल्याला माफी नाकारायची नाही, हा डोंगरावरचा रिवाज.

"जाऊबाई, चूक माझी. किडकी पानं जाळायला गोळा केली आणि आळस केला. वाऱ्याने उडून तुमच्याकडे आली असणार. कीड माझ्या घरची आहे."

एलिन्सियाने पान हातात घेतलं. खरं सांगायचं आणि तेच पान म्कुंडेच्या हातात परत ठेवायचं, एवढंच करायचं होतं. तिने तोंड उघडलंही.

"बघ," सासू डोळे पुसत म्हणाली, "किती मोठं मन माझ्या धाकटीचं!"

"माफ केलं," एलिन्सिया फणकाऱ्याने म्हणाली.