आसरांचं पाणी

त्र्यंबकने घड्याळ काढून ट्रेमध्ये ठेवलं, चष्म्याला दोरी बांधली आणि आईच्या मनगटांकडे पाहिलं. अणु-रिअ‍ॅक्टरच्या हौदातल्या पाण्यात टाचणीसुद्धा पडता कामा नये, हा विद्यापीठाचा नियम. पाहुण्याच्या हातून काही पडलं, तर ज्याने पाहुणा आणला त्याचा प्रवेश बंद. आणि प्रवेश बंद झाला की त्र्यंबकची पीएचडी बाराच्या भावात. पण सवाष्ण आईला बांगड्या उतरव म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"त्या निघत नाहीत," त्याने ऑपरेटर कार्लला ठोकून दिलं.

१९८४चा ऑक्टोबर. ओहायोत पानं झडत होती आणि पद्मिनीबाई लेकाला कायमचं घरी न्यायला आल्या होत्या. थोरला विष्णू गावच्या विहिरीत वाकून बघता बघता आत गेला, त्यानंतर त्या कुठल्याच पाण्यात डोकावल्या नव्हत्या. इथेही दारातच थांबतील, असं त्र्यंबक धरून चालला होता.

त्या थेट कठड्याशी गेल्या.

खाली, पार तळाशी, निळा उजेड पसरला होता. एवढं पाणी, पण त्यावर एक तरंग नव्हता.

"दिवा कुठे लावलाय?"

"दिवा नाही आई. आतल्या इंधनामुळे पाणीच उजळतं."

"तू रोज वाकतोस इथे?"

"कामच आहे ते."

"मग ओळखलंय त्यांनी तुला."

"कोणी?"

"आसरांनी. विष्णू गेला त्या दिवशी विहिरीत असाच उजेड होता. मी कुणाला बोलले नाही."

त्र्यंबकच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाण्यात राहून माणसं ओढून नेणाऱ्या या बाया म्हणजे निव्वळ भाकडकथा, असं तो कॉलेजात तावातावाने सांगत असे. तेवढ्यात त्याला दिसलं, आई हिरवी बांगडी उतरवत होती. त्याने झडप घालून ती हिसकावली.

"आई, नको! माझं सगळं जाईल!"

"त्याच्या वेळी आसरांची ओटी भरायची राहिली रे," आईने बांगडीसाठी हात पुढे केला. "तुझ्या वेळी तरी भरू दे."

बांगडी त्याच्या मुठीत पिचली होती. त्याने तुकडे जुळवून पाहिले. एकही कमी नव्हता. तो सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच खालचा उजेड मंदावू लागला.

काचेच्या कंट्रोल रूममधून कार्ल धावत आला. तो त्र्यंबकला टिम म्हणे.

"टिम, पाण्यात काही पडलं का?"

"नाही."

"रिअ‍ॅक्टर आपोआप बंद पडलाय. मी हात लावला नाही. जरा वाकून बघ, खाली काही दिसतंय का."

त्र्यंबकने कठड्याला हात लावला. रोज सहज वाकणारी त्याची कंबर आज वाकेना. तळाशी अजून थोडं निळं शिल्लक होतं.

"आई," मागे न वळता तो म्हणाला, "माझा शर्ट धर. घट्ट धर."